आशागडच्या परिसरात : दैव आणि पुरुषकार

पश्चिम रेल्वेच्या डहाणू रोड स्थानकावर उतरून पूर्वेकडे जव्हारच्या रस्त्याला लागले म्हणजे समुद्रकाठच्या चिकूच्या वाड्यांची हिरवी दाटी हळूहळू मागे पडते, आणि ताडांच्या रांगा, भाताची खाचरे, सागाची तुरळक राने व दूरवर एकेकटे उभे असलेले डोंगर दृष्टीस पडू लागतात. ह्याच रस्त्यावर आशागड हे गाव आहे. नावात 'गड' असल्यामुळे येथे तटबुरूज पाहावयास मिळतील, अशा समजुतीने कोणी जाऊ नये. मनोरजवळचा प्रसिद्ध आशेरीगड तो निराळा. आशागड हे आठवड्याच्या गरजा भागविणाऱ्या दुकानांचे, शाळेचे, आणि भोवतालच्या पाड्यांतून आलेल्या माणसांच्या राबत्याचे साधे गाव आहे. पुढे गंजाड लागते. वारली चित्रकलेला चार भिंतींबाहेर जगभर नेणारे जिव्या सोमा मशे ह्यांचे हे गाव. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली व २०१८ साली ते निवर्तले. त्याही पुढे चारोटीजवळ विवळवेढे येथे महालक्ष्मीचे देवस्थान आहे, आणि तिचा सुळक्यासारखा डोंगर ह्या सर्व मुलखावर पहारा देत असल्यासारखा उभा आहे.

माझा एक जुना विद्यार्थी ह्या भागात शिक्षक आहे. त्याच्या आग्रहावरून गेल्या हिवाळ्यात आठ दिवस तेथे राहण्याचा योग आला. प्रवासात वाचण्यासाठी मी दोन पुस्तके बरोबर घेतली होती : ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचे विंदा करंदीकरांनी केलेले मराठी रूप, आणि सॉफक्लीजच्या इडिपस राजावरील नाटकाचा पु. ल. देशपांडे ह्यांनी 'राजा ओयदिपौस' ह्या नावाने केलेला मराठी अवतार. ग्रीक भाषा मला येत नाही. माझे शिक्षण संस्कृताच्या वाटेने झालेले. परंतु ज्या प्रश्नाने ती नाटके भारलेली आहेत, तो प्रश्न आपल्या प्रत्येक घराच्या ओसरीवर वर्षातून दहा वेळा तरी निघतो. मूल परीक्षेत नापास झाले, मुलीचे स्थळ मोडले, घरातला कर्ता पुरुष अकाली गेला, की वडील माणसे म्हणतात, 'प्राक्तन! दुसरे काय?' मनुष्याच्या वाट्याला येते ते दैवाने येते की त्याच्या करणीने, आणि दैवानेच येत असेल तर रडून काय उपयोग? ही पुस्तके आशागडच्या परिसरात वाचल्यामुळे त्या प्रश्नाला जे रूप आले, ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच ह्या लेखाचा उद्देश.

प्रथम तेथील एक आख्यायिका सांगतो. पांडव वनवासात ह्या रानात आले असता भीमाला महालक्ष्मी दिसली आणि तिच्या रूपाने तो मोहित झाला. विवाहाची मागणी होताच देवीने अट घातली की, एका रात्रीत सूर्या नदीला बांध घालून दाखव. भीम तो! त्याने पर्वतप्राय शिळा लोटण्यास प्रारंभ केला आणि बांध जवळजवळ पुरा होत आला. तेव्हा देवीने कोंबड्याचे रूप घेऊन बांग दिली. उजाडले असे समजून भीमाने हातचे काम टाकले व तो निघून गेला. बांध अर्धाच राहिला.

लोक ही कथा हसत हसत सांगतात, पण तिच्यात एक गंभीर गोष्ट दडलेली आहे. भीमाचे बळ अपुरे पडले नाही आणि त्याने आळसही केला नाही. त्याची हार झाली ती एका खोट्या सूचनेवर त्याने विश्वास ठेवला म्हणून. ह्याला दैव म्हणावे तर मान वर करून आकाशाकडे पाहणे त्याच्या हातात होते. त्याचा दोष म्हणावे तर पहाटेची बांग ऐकून रात्र सरली असे कोण समजणार नाही? ॲरिस्टॉटल म्हणतो की, शोकनाट्याचा नायक दुष्ट नसावा आणि सर्वगुणसंपन्नही नसावा; त्याचा नाश दुर्गुणाने न होता एखाद्या प्रमादाने व्हावा. त्या प्रमादासाठी त्याने 'हामार्तिया' हा शब्द योजला आहे. तो ज्या धातूपासून आला त्याचा मूळ अर्थ 'नेम चुकणे' असा आहे. सूर्येच्या काठी भीमाचा नेम चुकला. (आमच्या काळात त्याच नदीवर धामणीचे धरण उभे राहिले, त्यासाठी ह्या डोंगरांतील आदिवासी कुटुंबे आपल्या जागेवरून उठली, आणि त्यातील पाणी दूर वसई-विरारच्या नळांपर्यंत जाऊ लागले. हे मात्र कोणाच्या दैवाने झाले नाही. कागदावर सह्या होऊन झाले.)

आता ग्रीकांकडे वळू. अथेन्स नगरात वसंत ऋतूच्या आरंभी डायोनायसस देवाचा उत्सव होत असे. अक्रॉपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर हजारो नागरिक उघड्यावर बसत, आणि एकेका कवीची तीन शोकनाट्ये व त्यांवर उतारा म्हणून एक थट्टेचे नाटक असा दिवसभर प्रयोग चाले. नट सारे पुरुष, तेही फार तर तीन, आणि तोंडावर मुखवटे. त्यांच्या जोडीला बारा किंवा पंधरा जणांचा वृंद, जो गात असे व नाचतही असे. जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यात मुखवटे घालून देवदानवांची सोंगे रात्री निघतात. आशागडच्या आसपासच्या पाड्यांवर पीक निघाल्यावर तारपा घुमू लागतो व त्या वादकाभोवती हातात हात गुंफलेली स्त्रीपुरुषांची साखळी वेटोळे घेत फिरते. वाळका भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा ह्यांपासून बनलेले ते वाद्य. हे ग्रीकांपासून इकडे आले किंवा इकडून तिकडे गेले असे म्हणण्याचा वेडेपणा मी करीत नाही. परंतु संपूर्ण गाव एकत्र बसल्याशिवाय काही दुःखे हलकी होत नाहीत, ही गोष्ट दोन्हीकडच्या माणसांना स्वतंत्रपणे उमगली असावी असे वाटते.

इडिपसची कथा बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. ते नाटक इ. स. पूर्व ४२९ च्या सुमाराचे समजतात. मुलगा बापाला मारील आणि आईशी विवाह करील असे भाकीत झाल्यामुळे थीब्सच्या राजाने तान्ह्या इडिपसला डोंगरावर टाकून देण्यास सांगितले. गुराख्याच्या दयेने तो वाचला व कॉरिंथच्या राजाघरी वाढला. मोठेपणी तेच भाकीत त्याच्या कानी आले. ते खोटे पडावे म्हणून त्याने, ज्यांना आपले आईबाप समजत होता, त्यांचे घर सोडले. वाटेत तिठ्यावर भांडण होऊन एका अनोळखी वृद्धास ठार केले. आणि थीब्सला संकटातून सोडवून तेथील विधवा राणीशी विवाह केला. नाटक सुरू होते ते ह्यानंतर अनेक वर्षांनी. नगरीत मरी आलेली असते आणि पूर्वीच्या राजाचा मारेकरी शोधल्याखेरीज ती हटणार नाही असा देवाचा कौल येतो.

वरवर पाहता येथे मनुष्याला काही वावच नाही. पण नाटक नीट वाचले म्हणजे ध्यानात येते की, रंगभूमीवर आपल्यादेखत जे घडते त्यांतील एकही गोष्ट दैवाने त्याच्याकडून करविलेली नाही. मारेकऱ्यास शोधण्याची प्रतिज्ञा तो स्वतः करतो. आंधळा द्रष्टा त्यास म्हणतो, विचारू नकोस. राणी विनवते, थांब. म्हातारा गुराखी बोलावयास तयार नसतो. त्याला इडिपस धमकावून बोलावयास लावतो. पूर्वीचे कर्म अजाणता झाले. पण ते जाणून घेण्याचा निश्चय मात्र सर्वस्वी त्याचा. शेवटी तो आपले डोळे फोडून घेतो, तेव्हाही हे दुःख देवाने दिले परंतु हा हात माझाच होता, अशा आशयाचे उत्तर देतो. 'माझा काय दोष?' असे म्हणण्याचा हक्क जर जगात कोणाला असेल, तर तो ह्या मनुष्याला होता; आणि त्यानेच तो हक्क वापरला नाही.

ह्या ठिकाणी मला आपल्या महाभारतातील धृतराष्ट्राची आठवण झाली. त्या ग्रंथात 'दैव बलवत्तर' ही भाषा वारंवार कोणाच्या तोंडी येते? द्यूत थांबविण्याचे सामर्थ्य ज्याच्या एका शब्दात होते, त्या राजाच्या. दोघेही आंधळे, एक सत्य पाहिल्यानंतर आंधळा झाला, दुसऱ्याने आंधळेपणाचा आडोसा केला. आपल्या शास्त्रकारांनी ह्या विषयात काही एकांगी निर्णय दिलेला नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत; त्यांत दैव आहे, पण ते पाचवे आहे, पहिले नव्हे. याज्ञवल्क्य स्मृतीने दैव आणि पुरुषकार ह्यांना रथाच्या दोन चाकांचा दृष्टांत दिला आहे. म्हणजे शास्त्र दोहोंनाही मानते. प्रश्न एवढाच उरतो की, कोणती गोष्ट कोणत्या चाकावर घालावयाची. आणि तो निवाडा बहुधा ज्याला सोयीचा असेल तोच करून टाकतो.

हे केवळ पुस्तकी बोलणे नव्हे, ह्याची साक्ष आशागडच्या परिसरात पावलोपावली मिळते. वारल्यांत लग्न लावण्यास ब्राह्मण लागत नाही. धवलेरी नावाची स्त्री गाणी म्हणून लग्न लावते. पण देज, जेवण आणि दारू ह्यांस पैसा लागतो. पूर्वी तो पैसा जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून उचलावा लागे, आणि त्याच्या फेडीसाठी नवरा व नवरी दोघेही धन्याच्या घरी राबत. ह्याला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज काही शंभर रुपयांच्या आतबाहेरचे असले, तरी हिशेब धन्याच्या वहीत, आणि वही वाचता येणारा धनीच. त्यामुळे जन्म सरे पण कर्ज सरत नसे. मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन ह्या अधिकाऱ्याने १९३९ सालच्या आपल्या अहवालात ह्या प्रांतातील दास्याचे वर्णन करून ठेवले आहे. ज्या दांपत्याच्या आयुष्याचा प्रारंभच गहाणवटीने होई, त्यास कोणी विचारले असते की हे असे का, तर उत्तर ठरलेले होते : नशीब. आणि धन्याला विचारले असते तरी हेच उत्तर मिळाले असते! एकाच्या तोंडी तो शब्द विव्हळण्याचा होता, दुसऱ्याच्या तोंडी तिजोरीच्या कुलपाचा.

२३ मे १९४५ रोजी तलासरीकडील झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करावयाची नाही, लग्नगडी राहावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. त्यांना एकत्र करण्यात किसान सभेचे शामराव परुळेकर व गोदावरीबाई परुळेकर पुढे होती. गोदावरीबाई ह्या माहेरच्या गोखले. पुण्याच्या सुखवस्तू, सुशिक्षित घरात वाढलेल्या व कायद्याच्या पदवीधर. त्यांच्या राजकीय पक्षाशी आपल्यापैकी अनेकांचे मतैक्य नसेल. पण 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचे १९७० साली निघालेले पुस्तक ज्या घरात वाचले गेले नाही, त्या घराने ते अवश्य आणावे. जे शतकानुशतके दैव म्हणून चालले होते, ते काही महिन्यांत माणसाच्या नकाराने हलू लागले, तेव्हा ते दैव नव्हतेच असे म्हणणे भाग आहे. वेठबिगारीस कायद्याने संपूर्ण बंदी होण्यास मात्र १९७६ साल उजाडावे लागले.

परंतु हा इतिहास निव्वळ विजयाचा नाही. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे मोठा जमाव गोळा झाला. त्याची हकीकत किसान सभेची माणसे अशी सांगत आली आहेत की, गोदावरीबाई येणार आहेत व त्यांच्या जिवास धोका आहे, असा खोटा निरोप पाड्यापाड्यांतून फिरविण्यात आला. तो ऐकून माणसे धावली आणि त्या येईपर्यंत हलावयाचे नाही म्हणून तासन्‌तास थांबून राहिली. पोलिसांना मात्र हल्ला करण्यास जमाव आला आहे असे कळविण्यात आले होते. गोळीबार झाला. जेठ्या गांगड व आणखी चौघे मरण पावले.

हा प्रसंग मनात आला की सूर्येकाठची ती बांग पुन्हा कानी येते. एक खोटी सूचना, आणि तिच्यावर विश्वास ठेवणारी सरळ माणसे! त्यांचा प्रमाद कोणता? तर निष्ठा. ज्या गुणामुळे ती माणसे झरीला ताठ उभी राहिली, त्याच गुणामुळे ती तलवाड्याला जागची हलली नाहीत. शोकनाट्याचे मर्म ग्रीकांनी नेमके येथे ठेवले आहे. मनुष्याला त्याचा दुर्गुण बुडवितो ही नीतिकथा झाली. त्याचा सद्‌गुणच त्याला खाईकडे नेतो तेव्हा आपला कंठ दाटून येतो.

येथून दुसरा प्रश्न निघतो. अशा कथा ऐकून आपण रडतो ते कशासाठी? ॲरिस्टॉटलचे उत्तर असे की, शोकनाट्य हे करुणा व भय जागवून त्या विकारांचे 'कॅथार्सिस' करते. ह्या शब्दाचा अर्थ काय, ह्यावर पंडितांचे वाद आहेत. १८५७ साली बेर्नायस ह्या जर्मन पंडिताने तो वैद्यकातील विरेचनाच्या अर्थाने लावला; कोणी त्याचा अर्थ शुद्धी करतात, तर कोणी उमज पडणे असा करतात. संस्कृत अलंकारशास्त्राचा विद्यार्थी येथे अभिनवगुप्ताकडे वळेल. त्याच्या मते नाट्यातील शोक हा 'माझा' किंवा 'त्याचा' राहत नाही, त्याचे साधारणीकरण होते. म्हणूनच करुणरसापासूनही आस्वाद मिळतो. संस्कृतात शोकान्त नाटक नाही असे सरसकट म्हटले जाते, परंतु त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्रींनी १९१२ पासून प्रसिद्ध केलेल्या भासाच्या नाटकांतील 'ऊरुभंग' ज्याने वाचले आहे, तो असे म्हणणार नाही. मांड्या भंगलेला दुर्योधन, बापाच्या मांडीवर बसावयास आलेले ते पोर, आणि पांडवांची सेवा कर म्हणून त्याला केलेला उपदेश! त्या क्षणी दुर्योधन आपला शत्रू राहत नाही.

मात्र दुःख फार जवळचे असेल तर हे घडत नाही. मिलेटस हे अथेन्सशी नात्याने जोडलेले नगर इराण्यांनी उद्ध्वस्त केल्यानंतर फ्रिनिकस नावाच्या कवीने त्यावर नाटक रचले. सारे प्रेक्षागार ढसढसा रडले, आणि आमचीच दुःखे आम्हाला का आठवून दिलीस म्हणून नगराने त्या कवीस १००० द्राख्मांचा दंड केला, असे हिरॉडोटस लिहितो. ह्यानंतर एस्किलसने इ. स. पूर्व ४७२ मध्ये 'पर्शियन्स' हे नाटक आणले ते हरलेल्या इराण्यांच्या राजवाड्यातले. जिंकलेले अथेन्सवासी शत्रूच्या आईचा विलाप ऐकत बसले. स्वतःच्या दुःखावरची पकड सुटून दुसऱ्याच्या दुःखापर्यंत मन पोचणे, हेच मला विरेचनाचे खरे लक्षण वाटते. केवळ रडून मोकळे होणे तर उशीही करू देते.

आशागडच्या मुक्कामात आणखी एका गोष्टीने हा विचार पुढे नेला. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत धरणीकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी हे नाव तेव्हा वर्तमानपत्रांत नित्य येत असे. लहानमोठे हजारो धक्के झाले. थंडीच्या दिवसांत माणसे घराबाहेर निजू लागली, मुलांची शाळा तंबूत भरू लागली, आणि १ फेब्रुवारी २०१९ रोजी घाबरून धावताना पडून एका लहान मुलीचा अंत झाला. धरणी हलणे हे तर निखळ दैव. त्यात कोणाचा पुरुषकार चालणार? माझ्या शिक्षक विद्यार्थ्याबरोबर एका पाड्यावर गेलो असता तेथील वृद्ध गृहस्थाने आपले घर दाखविले. कर्ज काढून बांधलेल्या विटांच्या भिंतीला धक्क्यांनी तडे गेल्यावर त्याने निजण्याची खोली कारवीच्या कुडाची, शेणमातीने लिंपलेली अशी पुन्हा उभी केली होती. कूड हलका, हलला तर हलतो, अंगावर कोसळून जीव घेत नाही, असे त्याचे म्हणणे. देवीचा कोप झाला असे वाटते का, हेही मी विचारले. त्याने डोंगराकडे हात जोडले, आणि मग कुडाच्या काठ्या कोणत्या रानातून आणल्या, किती भारे लागले, ते सांगत बसला.

त्या उत्तराचा मला फार उपयोग झाला. जमीन हलते ते पहिले चाक. भिंत कशाची बांधावी, शाळेचे छप्पर कोणी तपासावे, तंबू किती दिवस ठेवावे, हे दुसरे. पाऊस न पडणे हे दैव असेल. धान्याचा भाव कोण ठरवितो हे नव्हे. अल्पवयात वैधव्य येणे हे दैव असेल. पण त्यापुढे आमच्याच घरांतून पूर्वी त्या मुलींचे जे केले जाई, ते दैव नव्हते, वडीलधाऱ्यांचा निर्णय होता. शोकनाट्य आपल्याला दैवापुढे हात टेकावयास शिकविते हा समज मला ह्या आठ दिवसांत निराधार वाटू लागला. जे खरोखर दैवाचे आहे तेवढेच दैवाच्या नावे मांडावे, आणि उरलेल्याखाली आपली सही करावी, असे ते सांगते.

ज्या कुटुंबांना ह्या भागात जावयाचे असेल त्यांनी चैत्रात जावे. चैत्री पौर्णिमेपासून सुमारे पंधरवडाभर महालक्ष्मीची यात्रा भरते, आणि मध्यरात्री पुजारी डोंगराच्या शिखरावर चढून ध्वज लावतो. उन्हाचा त्रास ज्यांना सोसत नाही, त्यांनी भात निघाल्यावर जावे, म्हणजे तारपा ऐकावयास मिळेल. बरोबर मुलांना न्यावे, आणि त्यांना भिंतीवरील पांढऱ्या आकृतींची चित्रेच तेवढी दाखवून परत आणू नये. झरी आणि तलवाड्याची हकीकतही सांगावी. परत आल्यावर एखाद्या रात्री जेवणे आटोपली की घरातील सर्वांनी मिळून इडिपसाचे नाटक मोठ्याने वाचावे. सुनांनी व मुलांनीही पात्रे वाटून घ्यावीत. वाचताना कोणाचा आवाज कापरा झाला तर थांबावे, पाणी प्यावे, आणि पुढे वाचावे.